नोव्हेंबरचा फॉर्म

"महिना संपला नाही आणि विक्री लिहून मोकळे?" प्रियंकाने फॉर्म काउंटरवर आपटला. "काका, आज सतरा तारीख आहे. नोव्हेंबरचा आकडा आत्ताच कुठून आला?"

धोंडिरामांनी वर पाहिलं नाही. ते लेस मापत होते. "ऑक्टोबरचा मागितलात, फॉर्मांची अख्खी वही दिली. आता निघा."

मुलुंडच्या गल्लीतलं त्यांचं बटणं-दोऱ्यांचं दुकान विक्रीच्या सरकारी पाहणीत निवडलं गेलं होतं. दर महिन्याला प्रियंका येऊन आकडा न्यायची. फॉर्म धोंडिरामांची बायको शुभा भरायची. ती या एक तारखेला पहाटे इस्पितळात वारली. त्याच दिवशी दुपारी चारला धोंडिरामांनी दुकान उघडलं. त्यानंतर ते एकही दिवस बंद राहिलं नाही.

"त्यांना काय विचारता, मॅडम?" शेजारचा इस्त्रीवाला नंदू म्हणाला. "बायकोची चिता विझली नव्हती आणि यांचं शटर वर!"

"तू तुझी इस्त्री बघ, नंद्या. कुणाची तरी पँट जळेल."

प्रियंकाला त्यांच्या भांडणात रस नव्हता. "असल्या अंदाजपंचे आकड्यांनी आमची सगळी पाहणी चुकते. साहेबांच्या शिव्या मी खाते. हा फॉर्म खोटा आहे." तिने फुली मारायला लाल पेन काढलं.

"खोटा?" धोंडिरामांनी कागद हिसकावला. शुभा गेल्यापासून त्यांनी ती वही उघडली नव्हती.

अक्षर तिचंच होतं. शेवटच्या दिवसांत पडल्या पडल्या लिहिलेलं, ओळ सोडून खाली घसरलेलं. विक्रीचा आकडा नेहमीच्या निम्म्याहून थोडा अधिक. त्याखाली लिहिलं होतं:

दुकान चालू: १७ दिवस. बंद: १३ दिवस. कारण: मालकीण वारली, सुतक.

धोंडिराम स्टुलावर बसले. नंदूच्या इस्त्रीचा आवाज थांबला.

प्रियंकाने कागद वाचला. मग ती हळूच म्हणाली, "पण काका, तुम्ही तर रोज उघडताय. आकडा चुकलाय ना त्यांचा?"

"तिचा आकडा चुकत नाही."

त्यांनी लेस गुंडाळून ठेवली. पंखा बंद केला. प्रियंकाला पायरी उतरायला लावली आणि भर दुपारी शटर खाली ओढलं.

"महिना तीस दिवसांचा आहे," कुलूप लावता लावता ते म्हणाले. "मोजा. आज सतरा झाले."