पडद्याचा उजेड

निवृत्त वैमानिक रोज संध्याकाळी कॉम्प्युटरवरच्या खेळात विमान उडवायचे आणि त्यांची बायको शेजारी बसून पडद्यावरची उंची मोठ्याने वाचायची.

महिनाभर मात्र तिला वाटत होतं, कुठेतरी पाणी मुरतंय. पडद्याचा उजेड रोज थोडा वाढलेला असायचा. ढग गेले, धुकं गेलं, विमानाबाहेर सदा भर दुपार. आकडेसुद्धा बोटभर मोठे झाले. विचारलं तर म्हणायचे, "अगं, चित्र झकास दिसतं." ह्यांना दिसेनासं झालंय, आणि पठ्ठ्या ताकास तूर लागू देत नाही! वर हल्ली गाडीची किल्लीही तिला देत नव्हते, "मीच चालवतो" म्हणून हटून बसायचे.

आज ते चहा करायला उठले, तेव्हा तिने आकडे पूर्वीसारखे बारीक केले, धुकं आणलं, शेवटी उजेड उतरवला आणि साळसूदपणे बसून राहिली.

ते येऊन बसले. पडद्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. विमान खाली आणत त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "उंची?"

"आठशे फूट," पुढे वाकून आकडा वाचत ती ठसक्यात म्हणाली. आता बघू, धावपट्टी कशी सापडते ती!

विमान धुक्यातून बाहेर आलं आणि अलगद धावपट्टीवर टेकलं.

"तीनशे होती," ते हळूच म्हणाले. त्यांनी उजेड पुन्हा होता तेवढा वाढवला. "ह्याच्यापुढे वाढत नाही गं आता. उद्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊ. गाडी मी चालवतो."