अर्धी गोळी

"त्या खुर्चीवर नको बसू वं," महादेवराव म्हणाले. "तो बसला हाय तिथं."

प्रेमिलाबाईंनी हिरव्या लुगड्याचा पदर सावरला आणि त्या खाटेच्या कडेला बसल्या. खुर्ची त्यांना रिकामीच दिसत होती. रोजच दिसे. पण रिकाम्या खुर्चीवर कोणी बसलं आहे हे एकदा कळलं की मग तिच्यावर बसवत नाही.

"आज काय करून राहिला?"

"काई नाही. मांडीवर थैली, डोक्यावर काळी टोपी. यष्टीची वाट पाहत बसल्यासारखा."

"बोलला काही?"

"नाही." महादेवरावांनी अडकित्त्यात सुपारी धरली. "तुह्याकडे पाहून राहिला."

सुपारी कागदासारखी पातळ कातरली जात होती. हे सुख त्या घरात दोन वर्षांनी आलं होतं. गिरणीतून निवृत्त झाल्यावर महादेवरावांना कंपवातानं धरलं. आधी अंगठा, मग हात, मग शर्टाची बटणं सुनेनं लावायची वेळ आली. अडकित्ता फडक्यात गुंडाळून फळीवर गेला. दसऱ्याला डॉक्टरांनी मुंबईहून नवी गोळी मागवली आणि आठवड्याभरात महादेवराव सक्करदऱ्याच्या तलावापर्यंत एकटे फिरून आले. दुपारचा चहा स्वतः करू लागले. कोणाकडून उसने आणल्यासारखे हात चालत होते.

आणि मग तो टोपीवाला आला.

त्याचं येणं डॉक्टरांना अजिबात नवं वाटलं नाही. महादेवरावांना घेऊन सून उत्तरा दवाखान्यात गेली, तेव्हा प्रेमिलाबाईही मागोमाग गेल्या. आत एकच बाक होता, म्हणून त्या दाराशी उभ्या राहिल्या. 'बसा' असं त्यांना कोणी म्हटलं नाही.

"गोळीचाच गुण आहे हा," डॉक्टर म्हणाले. "हात मोकळे करते, पण डोळ्यांनाही काम लावते. नसलेली माणसं दिसतात. घाबरायचं नाही. खात्री करायची तर चहा देऊन पाहा. नागपुरात खरा माणूस समोरचा चहा सोडत नाही."

उत्तरेनं उपाय विचारला. गोळी अर्धी करा, डॉक्टर म्हणाले, जे नाही ते आपोआप जाईल. हात मात्र थोडेफार पुन्हा कापतील. मग त्यांनी महादेवरावांना सहज विचारलं, "एकटाच येतो ना तो?"

महादेवरावांनी दाराकडे पाहिलं. प्रेमिलाबाईंनी मान हलवून धीर दिला.

"टोपीवाला न? एकटाच येते," ते म्हणाले.

चहाची परीक्षा त्याच दुपारी सुरू झाली. महादेवराव सगळ्यांचा चहा करत आणि एक कप खुर्चीसमोर ठेवत. त्यावर साय धरे. प्रेमिलाबाईंची स्वतःची चहाची वासनाही हल्ली उडाली होती. कप हातात न घेता त्या नुसता वास घेत, तेवढ्यानं भागे. उत्तरा येऊन भरलेले कप मोरीत ओती आणि दूध नळाला येत नाही, असं भिंतीला ऐकवी. सासूशी ती बोलतच नसे. दसऱ्यापासून तिनं अबोला धरला होता. कारण काय, ते प्रेमिलाबाईंना आठवत नव्हतं. सुनांना कारण लागतंच असंही नाही.

पण तो आपल्याकडे पाहतो, हे त्यांना सहन होईना. उठताबसता पाठीवर नजर टेकल्यासारखी वाटे. घरात एवढी माणसं असताना त्यानं आपल्यालाच काय म्हणून पाहावं?

"गोळी अर्धी करा न जी," त्या रोज म्हणू लागल्या.

महादेवराव रोज काहीतरी कारण काढत. आज तलावावर जायचं आहे. आज बटणं लावायची आहेत. शेवटी एका दुपारी त्यांनी अडकित्ता खाली ठेवला.

"तुले काहून एवढी घाई झाली?"

"मले भेव लागते त्याचं. न्यायला आल्यासारखा पायते, असं तुमीच म्हनता."

"गोळी कमी केली तं मी एकटा पडीन, प्रेमिला."

"एकटे कसे? मी हाव न."

महादेवरावांनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. हिरवं लुगडं, कोपरापर्यंत बांगड्या, कपाळभर कुंकू. "तुले हे लुगडं लय शोभते," ते म्हणाले. "मीच आनलं होतं, घाईघाईत."

"मंग ऐका माह्यं."

त्यांनी ऐकलं. अडकित्त्यात सुपारीऐवजी गोळी धरली आणि बरोबर मधोमध कातरली. तेवढी बारीक नजर आणि तेवढा स्थिर हात त्यांना पुन्हा लाभणार नव्हता.

दोनतीन दिवसांत अडकित्ता खडखडू लागला. सुपारीचे ढेकळासारखे तुकडे पडू लागले. चहाचा कप बशीवर वाजू लागला. प्रेमिलाबाईंना वाईट वाटलं, पण पाठीवरची नजर हलकी झाली होती.

"हाय का तो?" त्यांनी विचारलं.

महादेवरावांनी खुर्चीकडे पाहिलं. डोळे बारीक करून पुन्हा पाहिलं.

"गेला," ते म्हणाले.

"पाहा. मी म्हनत नव्हती?"

"प्रेमिला, ऐकून राहिली न? गेला तो."

"हो, ऐकलं."

"प्रेमिला?"

कानही गेले की काय यांचे, असं मनात म्हणत प्रेमिलाबाई खाटेवरून उठल्या. कितीतरी दिवसांनी हक्कानं बसायचं म्हणून खुर्चीकडे वळल्या.

खुर्चीत काळ्या टोपीचा माणूस बसला होता. मांडीवर थैली होती. तो सावकाश उठला, चपलेत पाय सरकवले आणि त्यांच्यासाठी दार धरून उभा राहिला.

"चला वहिनी," तो म्हणाला. "अर्ध्या गोळीत आपन दोघं नाही मावत."