खरवडलेली फळी

फळी कोरी होती. काल संध्याकाळपर्यंत तिच्यावर ठळक काळ्या अक्षरांत ‘ड्वेन कॉलार्ड’ असं लिहिलेलं होतं. आता नुसतं खरवडलेलं लाकूड, आणि खाली रंगाचे पोपडे.

लोन पाइनच्या खडकांत चित्रीकरणासाठी उभारलेल्या त्या खोट्या कबरस्तानात सिनेमाच्या युनिटमधल्या सगळ्यांची नावं होती. फळ्या रंगवणारा म्हातारा सिक्स्टो ती हौसेने लिहायचा. त्याचा नेम एकच : नाव जिवंत माणसाचंच हवं. कोणी वारला की त्याची फळी खरवडायची. खऱ्या मेलेल्याला खोट्या मातीत ठेवू नये, म्हणायचा. सिनेमाचा नायक ड्वेन बावीस वर्षं, दर वेळी घोड्यावर बसण्याआधी, आपल्या फळीवर टिचकी मारत आला होता.

“माझं नाव कोणी काढलं?”

सिक्स्टोने मोतीबिंदूने दुधाळलेले डोळे बारीक केले. “असं काय करता, मिस्टर कॉलार्ड? सकाळी तुम्हीच नाही का आलात? हाच काळा कोट, हीच चांदीच्या पट्ट्याची टोपी. म्हणालात, ‘माझं नाव आजच खरवडून टाक, सिक्स्टो.’ वर सांगितलंत की...”

पुढचं ऐकायला ड्वेन थांबलाच नाही. सकाळभर तो न्हाव्यापुढे बसलेला होता. मग इथे आलं होतं कोण?

पडद्यावर शंभर माणसं लोळवणाऱ्या ड्वेन कॉलार्डची पाचावर धारण बसली.

आजच्या दृश्यात उतारावरून घोड्यासकट तो स्वतः पडणार होता. एरवी त्याच्या बदली लेम पिकेट पडायचा. तीच उंची, तेच खांदे, तेच कपडे. कॉलार्डचा चेहरा तेवढा कॉलार्डचा, बाकी सगळा भाड्याचा, असं वर्तमानपत्रवाले खिजवत. पण काल लेमच म्हणाला होता, “ड्वेन, बायकोचे दिवस भरलेत. आता पुरे. मला मोकळं कर.” आणि ड्वेनने मोठ्या मनाने हो म्हटलं होतं. आज तेच कपडे घालून लेम ड्वेनच्या जागी उभा होता तो फक्त दिवे लावणाऱ्यांना प्रकाश जुळवता यावा म्हणून.

“लेम,” ड्वेनने हाक मारली, “एवढं एकदा तूच पड.”

“अरे, काल तर तू...”

“शेवटचं. तुझ्या पोराची शपथ.”

“जन्मायच्या आधीच त्याला कामाला लावलंस होय?” लेम हसला. पण हसता हसता त्याने कबरस्तानाकडे एकदा पाहिलं, टोपी घट्ट केली आणि घोड्यावर बसला.

घोडा उठला. लेम उठला नाही.

काळ्या कोटातला तो देह पालथा पडला होता. गर्दीतून वाट काढत सिक्स्टो आला. त्याने टोपी काढली, छातीवर क्रुसाची खूण केली. “देव मिस्टर कॉलार्डना शांती देवो. बिचाऱ्यांना सकाळीच कळलं होतं.”

“मी इथे आहे, सिक्स्टो,” मागून ड्वेन म्हणाला.

म्हातारा दचकून वळला. बोटांनी त्याने ड्वेनचं तोंड चाचपलं, मग खाली पडलेल्या देहाच्या कोटाकडे पाहिलं.

“म्हणजे सकाळी हा आला होता? म्हणाला, बायकोने पडद्यावर कबरीवर माझं नाव पाहिलं, तेव्हापासून तिला झोप नाही. मी आता मोकळा झालो, तेवढं नाव काढ. मीच आंधळा, भलत्याचं खरवडलं.”

दोघे टेकडी चढून कबरस्तानात गेले. लेम पिकेटची फळी जशीच्या तशी उभी होती. सिक्स्टोने तिच्यावर सुरी चालवली, अक्षर न् अक्षर निघेपर्यंत. मग रंगाचा डबा उघडून तो शेजारच्या कोऱ्या फळीकडे वळला.

“तुम्ही तर जिवंत आहात. तुमचं नाव परत लिहू ना?”

ड्वेनला हो म्हणवेना.