आणखी एक 'तर'

रुग्णाच्या घरच्यांपैकी कुणी त्याचा प्रोग्राम वाचून होकार दिल्याशिवाय यंत्रहृदय बसवत नसत. म्हणून रुग्णालयातल्या केतकीने संगणकाने लिहिलेला सलग, गिचमिड प्रोग्राम ओळीओळींत मोकळा मांडला. प्रत्येक 'तर'खालची ओळ तिने जरा आत सरकवली.

कुमुदकाकू पडद्यावर बोट फिरवत नवऱ्याचं, दिगंबरकाकांचं, नवं हृदय वाचू लागल्या. "ठोका चुकला, तर पुन्हा दे. तरीही चुकला, तर पुन्हा दे." मग बोट थबकलं. "दिगंबर म्हणाला, तर बंद हो. हे यांनी घालायला सांगितलं?"

केतकीने मान डोलावली. "त्यांचा हक्क आहे, काकू."

"असू दे." काकूंनी डोळे पुसले. "पण मध्ये आणखी एक 'तर' घाल. कुमुदला विचारलं असेल, तर."

केतकीने ती ओळ लिहिली आणि 'बंद हो' आणखी थोडं आत सरकवलं.