सीटखालचं बटण

मुकुंदरावांच्या बासष्ट सालच्या गाडीतल्या कुजलेल्या तारा रियाज वायरमनने उपसून काढल्या, नव्या ओढल्या आणि प्रत्येकीला वेगळा फ्यूज बसवला.

"काका, आता गाडी पेटायची भीती नाही," तो म्हणाला. "पण तुमच्या सीटखाली एक बटण सापडलं. दाबलं की रेडिओ बंद होतो."

कुमुदिनीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. गेली तीस वर्षं त्या रेडिओबरोबर गाऊ लागल्या की तो नेमका बंद पडायचा आणि मुकुंदराव हळहळत म्हणायचे, "जुनं वायरिंग, दुसरं काय?"

आज मुकुंदराव चष्मा पुसत बसले.

"काढून टाकू का ते?" रियाजने विचारलं.

"छे, राहू दे," बाई म्हणाल्या. "फक्त माझ्या सीटखाली बसव. ह्यांच्या बातम्या सुरू झाल्या की मला लागेल."