खांद्यावरचं जुगाड

"हे टॉपरचं शूटिंग आहे का किल्लारीचा भूकंप? लई हालायलाय तुझा कॅमेरा!"

लातुरात चौकाचौकात फ्लेक्सवर हात जोडून उभे असणाऱ्या कोचिंगवाल्या खंदारकर सरांनी चारचौघांत शूटिंगवाल्या महांतेशचा पाणउतारा केला. त्या भूकंपात महांतेशचा सख्खा चुलता ढिगाऱ्याखाली गेला होता.

घरी जाऊन महांतेशनं प्लास्टिकचा पाइप कापून खांद्यावर बसेल असा सांगाडा केला. त्याला सायकलच्या मुठी लावल्या, खांद्याला रुतू नये म्हणून जुन्या दप्तराचा फोम शिवला. तरी कॅमेरा पुढं झुकायला लागला, तेव्हा मागं तराजूचं एक किलोचं वजन बांधलं.

पुढच्या निकालाच्या दिवशी ते बघून सर फिसकन हसले. "नळ दुरुस्त करायला आलास का रे? असलं जुगाड आपल्याकडं चालत नाही. इथं सगळं अस्सल लागतं."

महांतेशनं कॅमेरा खांद्यावर घेतला. चित्र केसभरही हललं नाही. समोर गळ्यात हार घालून जिल्ह्यात पहिली आलेली अपूर्वा बसली होती. "माझ्या यशाचं सगळं श्रेय..." म्हणाली, अडखळली आणि सरांकडं वळली.

"सर, तुमच्या क्लासचं नाव काय हो? सकाळपासून हा चौथा क्लास हाय, गोंधळ व्हायलाय."

महांतेशनं कॅमेरा बंद केला नाही.



सर त्याच्या कानाशी आले. "महांतेशराव, तुमच्या त्या पाइपाला पुढं एक पाटी अडकवता येईल का? क्लासच्या नावाची."