फळी भरली

“फळी भरली. दिवाळीनंतर या,” तेजल म्हणली.

दारातल्या बाईनं ब्लाउजपीस परत पिशवीत कोंबला. “एवढं काय गं? एकच तर आहे!”

“सगळ्यांचं एकच असतं.”

मशीनवर बसलेल्या तेजलच्या आईनं, वत्सलाबाईनं, मान खाली घातली. बाई पायरी उतरून गेल्यावर ती हळूच म्हणली, “तेजू, जरा गोडीनं बोलावं.”

“तू गोडीनंच बोलायचीस. मग शिव्या कोण खायचं?”

ते मात्र खरं होतं. इंदिरानगरच्या त्या छोट्या गाळ्यात कुणीही येवो, वत्सलाबाईच्या तोंडात एकच, “परवा देते ताई.” दिवाळीच्या तोंडावर अख्ख्या कॉलनीचा परवा एकाच दिवशी यायचा. मग जी जास्त ओरडेल तिचा ब्लाउज आधी मशीनवर. बाकीचे तसेच. एकाचं नुसतं कटिंग झालेलं, एकाला एकच बाही, एकाचे हुक राहिलेले. मागच्या दिवाळीत तर कहर झाला. एकीच्या ब्लाउजला दुसरीच्या बाह्या लागल्या, आणि दोघी एकाच वेळी न्यायला आल्या. दोघी ब्लाउजला धरून ओढतायत, आणि मधे वत्सलाबाई हात जोडून उभी.

ते जोडलेले हात बघून तेजलचं डोकं फिरलं. तिचं डोकं तसंही लवकर फिरायचं. नववीत बाईंनी वर्गासमोर उभं करून “तुझ्यानं काही व्हायचं नाही” म्हणलं, त्या दिवशी तिनं दप्तर उचललं ते परत नेलंच नाही.

शेजारच्या फर्निचरवाल्याकडनं तिनं प्लायवूडचा एक तुकडा आणला, त्याला तीन ओळीत खिळे ठोकले आणि दारातनं दिसेल असा भिंतीवर टांगला. वरची ओळ आलेल्या कापडांची. मधली मशीनवरची. खालची झालेल्यांची. प्रत्येक कापडाचं कात्रण कापायचं, नावाची चिठ्ठी लावायची, खिळ्याला अडकवायचं. काम सरकलं की कात्रण खाली. मधल्या ओळीत खिळे तीनच. त्यातलं एक हातावेगळं झाल्याशिवाय चौथ्याला कात्री लावायची नाही. वरची ओळ भरली की नवीन घ्यायचं नाही. आणि लाइनीत लागलेलं कुणासाठीही काढायचं नाही.

“शाळा सोडली आणि फळाच घरी आणला!” बायका खिदळल्या.

पण हळूहळू त्याच बायका भाजी घेऊन जाताना दारातनं डोकावायला लागल्या. “ए, माझा मोरपंखी मधे आला गं!” म्हणायच्या आणि न भांडता घरी जायच्या. बाहीची आदलाबदल नाही, आरडाओरडा नाही. या दिवाळीत आईनं एकदाही हात जोडले नाहीत. तेजल गाळ्याच्या दारात अशी टेचात उभी राहायची, जशी बँकेची मॅनेजर.

त्याच दारात दुपारी सुवर्णावैनीची स्कूटी थांबली.

सुवर्णावैनी म्हणजे नगरसेवकाची बायको. कॉलनीतल्या निम्म्या बायका तिनंच इथं पाठवलेल्या. ती रुसली की निम्मी फळी रिकामी.

“वत्सला, भाच्याची सुपारी फुटली बघ अचानक. पाडव्याला कार्यक्रम आहे. एवढा एक शिव.” आंबा रंगाचं रेशमी कापड तिनं मशीनवर टाकलं, अर्ध्या शिवलेल्या दुसरीच्या ब्लाउजवरच.

वत्सलाबाईनं पाय थांबवले. फळीकडं बघितलं.

“वैनी, जागा नाही.”

तेजल बघतच राहिली. आईच्या तोंडून ‘नाही’ तिनं जन्मात ऐकलं नव्हतं.

वैनी हसली. “जागा? अगं, शाहीस्नान आहे का हे, आखाड्यांसारखे नंबर लावायला? सिंहस्थ संपला की! कुणाचा तरी ठेव मागं. माझं नाव सांग, कोण बोलतंय बघू.”

वत्सलाबाईनं मान आडवी हलवली.

वैनीचं हसू गेलं. “बरंय. मग बायकांनाही सांगते, दुसरीकडं बघा म्हणून.”

एरवी तेजल अंगावर धावून गेली असती. पण तिला आईचं गिऱ्हाईक हातातनं जाताना दिसलं. सगळे खिळे रिकामे दिसले. माझ्या या फळीपायी आईचं दुकान बसणार, एवढंच डोक्यात आलं. तिनं घाईघाईनं वरच्या ओळीवरनं नजर फिरवली. यातली कोण कमी भांडेल?

शेवटच्या खिळ्याला जांभळ्या इरकलीचं कात्रण होतं. हे तिनं घेतलेलं नव्हतं. चिठ्ठी नाही, नाव नाही. म्हणजे आईनं गुपचूप कुणाला तरी हो म्हणलेलं. बरंच झालं.

“हे काढते वैनी. तुमचं लावू इथं,” ती म्हणली आणि हात वर केला.

मशीनवरनं उठून वत्सलाबाईनं तिचं मनगट धरलं. घट्ट.

“हात लावू नको. लाइनीत लागलंय ते.”

“अगं, पण कुणाचंय? नावसुद्धा नाही त्याला!”

“माझंय. दर दिवाळीला राहून जातं.”

वत्सलाबाईनं आंबा रंगाचं रेशीम मशीनवरनं उचललं, त्याची नीट घडी घातली आणि ताठ मानेनं विचारलं, “वैनी, खिळा मोकळा झाला की तुमचं माझ्यामागं लावू?”